रुखवताच्या कारखान्यातला संप

धंदा कसा सुरू करायचा, माणसं कशी नेमायची, असं हल्ली बायका मला विचारतात. भिशीत विचारतात, दळण टाकायला गेले की गिरणीत विचारतात. आता मी काय सांगणार? माझं शिक्षण नववी, आणि नववीच्या परीक्षेला मला गोवर निघाला होता, तेव्हा आठवीच धरा. मी आपलं जे झालं तेवढं सांगते.

माझा धंदा माळ्यावरून पडला. म्हणजे खरोखरच पडला. दिवाळीच्या आधी जाळी काढायला स्टुलावर चढले, आणि वरची ट्रंक सरकून खाली आली. उघडली तर आत लेकीचं रुखवत. सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, नारळाचा गणपती, काड्यांची बैलगाडी. लेकीच्या सासरी पुण्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, तिनं सगळं परत पाठवलं होतं, "आई, इथे माणसांना जागा नाही, बैलगाडी कुठे लावू?" म्हणून. मी ते ऊन दाखवायला गॅलरीत मांडलं, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी पाहिलं. त्यांच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. त्या घेऊन गेल्या. त्यांच्याकडून त्यांची जाऊ घेऊन गेली. मग जावेची विहीण. चौथ्या लग्नात एक बाई गणपतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो हो."

मी म्हटलं, "गणपतीच तो. पाहिल्यासारखा वाटणारच."

वेळ निभावली, पण मला कळलं की एका गावात एकच गणपती फार दिवस फिरवता येत नाही. प्रत्येक नवरीचं रुखवत नवं पाहिजे. आणि नवं करायचं तर हात पाहिजेत.

तुम्ही म्हणाल, रुखवत तर नवरीनं करायचं असतं. असतं ना. नवरीच्या अंगी किती कला आहे याचा टेबलावर मांडलेला पुरावा म्हणजे रुखवत. पण हा पुरावा पहिल्यापासून बनावट आहे बघा. आमच्या वेळी आत्या-मावश्या रात्रंदिवस बसून करायच्या आणि नाव नवरीचं लावायच्या. आता आत्या-मावश्या बँकेत नाहीतर शाळेत. म्हणून आम्ही. त्यामुळे आमच्या धंद्याचा पहिला नियम एकच होता, तोंड बंद. टेम्पो मागच्या दारानं जायचा, खोकी उतरवायची आणि निघून यायचं. कुणी केलं विचारलं तर नवरीनं.

माणसं मी अशी नेमली. आलेल्या बाईला वाटीभर मोहरी द्यायची, डिंकाची बाटली द्यायची, आणि पुठ्ठ्यावर मोर काढून दिलेला, तो मोहरीनं भरायला लावायचा. मी शेजारी बसून नुसती ऐकायची. जी बाई मुकाट्यानं मोहरी चिकटवते ती महिन्याभरात सोडून जाते, हा माझा अनुभव. जी सारखी बोलते, मोहरीला शिव्या देते, नणंदेला शिव्या देते, तीच टिकते. अशा तिघी टिकल्या. एक आमच्या तळमजल्यावरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला वहिनी म्हणणारी. तिच्या हातात अशी जादू की सुपारीच्या भटजीला पोट सुटलेलं दिसावं. दुसरी दिंडोरीकडची, मला आक्का म्हणते. तिचं बोलणं कधी थांबत नाही आणि हातही थांबत नाहीत. तिसरी शेजारच्यांची नवी सून, पंचविशीची. तिला चिकटवायची बंदूक चालवता येते, ती गरम डिंकाची असते ना, ती. मला त्या बंदुकीची अजून भीती वाटते.

कारखाना म्हणजे आमचा हॉल. सोफा भिंतीला लावायचा, सतरंजी अंथरायची. मी मालक. हा शब्द माझा नाही हं. तो यांचा.

आता हे म्हणजे आमचे हे. सातपूरला एका कारखान्यात मशीनवर होते. होते मशीनवर, पण जास्त करून युनियनमध्ये. मशीन बंद पडलं तर मिस्त्रीला बोलवायचे, साहेब वाकडा बोलला तर यांना. लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत संपात, कारखान्याच्या फाटकावर झाली, तिळगूळ वाटायला मी तिथेच गेले होते, कारण कॉलनीतल्या सगळ्या बायका तिथेच होत्या. धंदा म्हणजे काय, यावर यांचं एकच मत: "एक देणारा आणि एक मागणारा. देणारा चुकतो, मागणारा चुकत नाही."

रिटायर झाले आणि माणूस सुकायला लागला हो. कशाचंच लक्ष नाही. सवयीनं सकाळी तयार होऊन बसायचे. मागायला कुणी उरलं नव्हतं ना! दूधवाल्याला एक निवेदन दिलं, त्यानं दूधच बंद केलं. सोसायटीच्या चेअरमनला लिफ्टबद्दल निवेदन दिलं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. चेअरमन म्हणाले, "काका, लिफ्ट नाहीच आहे." हे म्हणाले, "तीच तर तक्रार आहे."

मग एक दिवस हॉलमधून पाण्याचा ग्लास घेऊन जाताना यांनी सतरंजीकडे पाहिलं, आणि मला अजून आठवतं, डोळे असे चमकले.

"तुम्ही किती वाजल्यापासून बसल्या आहात?" तळमजलीला विचारलं.

"अकरा वाजल्यापासून, भाऊजी."

"पाठीला टेकायला काही नाही?"

"सोफा आहे की."

"सोफा व्यवस्थापनाचा आहे," हे म्हणाले, आणि ग्लास घेऊन निघून गेले. व्यवस्थापन म्हणजे मी. मी तेव्हा आत भाजी निवडत होते.

त्याच आठवड्यात मला कळवणची ऑर्डर आली. नाशिकच्या बाहेरची ही पहिलीच. नवरी इथल्या एका दवाखान्यात नर्स, आईचा हात थरथरतो, बहीण नाही. सासर कळवणचं, लग्नही तिकडेच. ती पोरगी ड्युटीवरून थेट आली, पांढऱ्या बुटात, आणि आमच्या सोफ्यावर अगदी टोकाला बसली.

"काकू, माझ्या सासऱ्यांना एक बहीण आहेत," ती म्हणाली. "त्या रुखवत बघत नाहीत, तपासतात. मोठ्या जाऊबाईंच्या लग्नात त्यांनी सप्तपदीच्या पाटाखालून हात फिरवून दुकानाचं लेबल काढलं. भर मांडवात. जाऊबाईंना अजून लेबल म्हणतात घरात."

"नावानं?"

"नावानंच. लेबल, चहा टाक."

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी ते खोकल्यात घातलं. म्हटलं, "बाळा, तुझ्या रुखवतात लेबल सापडणार नाही. रविवारी सकाळी सगळं टेबलावर असेल. माझा शब्द."

शब्द दिला. आता शब्द देणं सोपं असतं, मोहरी चिकटवावी लागते.

मंगळवारी सकाळी मी यांच्यापुढे पोहे ठेवले. यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला.

"हे काय?"

"वाच."

कागदावर लिहिलं होतं: प्रति, माननीय व्यवस्थापन, रुखवत विभाग, हॉल व गॅलरी. खाली चौदा मागण्या. चहात आलं घालावं. मोहरीकाम करणाऱ्या कामगारास चष्मा पुसायला सवड मिळावी. डिंकाच्या बंदुकीनं चटका बसल्यास तूप व्यवस्थापनानं पुरवावं, तेही घरचं. टेकायला लोड. आणि सातवी मागणी अशी, की काम चालू असताना व्यवस्थापनानं आपल्या माहेरच्या गोष्टी सांगू नयेत, विशेषतः विहिरीत पडलेल्या रेडकाची.

"अहो, ही सातवी कुणाची?"

"सर्वांच्या वतीनं आहे."

"आणि ही अकरावी? 'प्रतिनिधीस दुपारच्या जेवणात ठेचा मिळावा'?"

"तीही सर्वांच्या वतीनंच. पोच दे."

"कसली पोच?"

"कागद मिळाल्याची. सही कर. तारीख घाल. आणि पोह्यांवर लिंबू पिळ जरा."

मी सही केली, लिंबू पिळलं. मला वाटलं, गंमत आहे. अकराला तिघी आल्या की विचारीन म्हटलं. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, कुणी नाही. गॅलरीतून खाली पाहिलं तर बिल्डिंगच्या फाटकाजवळ, सावलीला, माझीच सतरंजी. सतरंजीवर तिघी. शेजारी माझाच चहाचा थर्मास. आणि झेंडा! झेंड्याचं लाल सॅटिन मी कळवणच्या पालखीसाठी आणून ठेवलेलं, ते केरसुणीच्या काठीला बांधलेलं. बरं, हे उभे राहून घोषणा देत होते.

"आल्याशिवाय चहा!"

तिघी म्हणाल्या, "नाही नाही!" पण दिंडोरीकडची हसत होती आणि सुनेनं पदर तोंडात धरला होता.

मी खाली गेले. तळमजलीला बाजूला घेतलं. "अगं, हे काय चालवलंय? रविवारी लग्न आहे पोरीचं!"

ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "वहिनी, आम्हाला काही नको हो. पण भाऊजींनी एवढं लिहिलं, रात्रभर जागून तीन प्रती काढल्या. नाही म्हटलं तर वाईट वाटेल ना त्यांना."

"दोन दिस बसू द्या, आक्का," दिंडोरीकडची म्हणाली. "दादा लय खूश हायेत. आन् मला बी जरा बसायला मिळतंय."

आता सांगा, कामगारांना काही नको म्हणून संप, असं कुठं ऐकलंय? मालकाच्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून संप! आणि मीही कमीची नाही. मला राग आला होता तो संपाचा नाही, सॅटिनचा. मी म्हटलं, ठीक आहे, बसा. बघू किती बसता ते. आणि वर निघून आले.

एक वाजता दारावर टकटक. हे.

"जेवायला वाढ."

"मालकाकडे जेवणार?"

"जेवण हा कौटुंबिक प्रश्न आहे," हे पाटावर बसत म्हणाले. "संप हा औद्योगिक."

मी वाढलं. काय करणार. भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाले, "तीनपासून साखळी उपोषण आहे. पहिली पाळी माझी. म्हणून दुसरी भाकरी वाढ."

तीन ते पाच यांनी उपोषण केलं. पाचला सुनबाईंची पाळी होती, तिची अंगारकी असल्यानं ती तशीही उपाशीच होती, हे तिला म्हणाले, "तुझं उपोषण दुप्पट धरू." चंद्रोदयानंतर ती घरी जाऊन जेवली आणि दुसऱ्या दिवशी सांगते, "काकू, संपाचा उपवास होता म्हणून सासूबाईंनी मोदक केले."

बुधवारी मी ठरवलं की मी एकटीनं करून दाखवते. बिस्किटांचा बंगला हा आमच्या रुखवताचा मुख्य ऐवज. खालची भिंत ग्लुकोज बिस्किटांची, छप्पर खारीचं, खिडक्यांना बडीशेपेच्या गोळ्या. मी पाकाचा लेप करून भिंती उभ्या केल्या. पुढची भिंत उभी राहिली की मागची पडायची. मागची धरली की मांजर आलं. डिंकाची बंदूक मी लांबून, डोळे मिटून चालवली, तर माझी बांगडीच बंगल्याला चिकटली. मी हात वर केला की बंगला वर.

आणि त्याच वेळी हे पाणी प्यायला आले. दारात थांबले. मी अशी हातात बंगला घेऊन उभी. यांनी पाहिलं. यांच्या हाताची बोटं हलायला लागली बघा, इतकी वर्षं मशीनवर काढलेला माणूस, वाकडी भिंत दिसली की त्याला राहवत नाही.

"काटकोन धर आधी," हे म्हणाले.

"या ना मग, धरा."

"मी आलो तर संप फोडल्यासारखं होईल." एक पाय हॉलमध्ये, एक बाहेर. "भिंतीच्या आतून पुठ्ठ्याचा टेकू दे. वाळू दे. मग दुसरी भिंत. मी काही बोललो नाही."

"बांगडी कशी सोडवू?"

"त्यावर युनियनचं काही धोरण नाही," असं म्हणून हे गेले. जाताना खिशातून छोटा गुण्या काढून दाराच्या उंबऱ्यावर ठेवून गेले. काटकोन बघायचं पोलादी हत्यार असतं ना, ते. मालकाला फुकट.

गुरुवारी मात्र माझं हसू संपलं. त्या पोरीचा फोन आला. म्हणाली, "काकू, आत्याबाईंनी निरोप पाठवलाय, रुखवत बघायला त्या सकाळी नऊलाच कार्यालयात येऊन बसणार आहेत. होईल ना?" मी म्हटलं, होईल. फोन ठेवला आणि हॉलकडे पाहिलं. एक वाकडा बंगला, अर्धा मोर, आणि मी. माझ्यामुळे एक पोरगी जन्मभर लेबल नाहीतर त्याहून वाईट काही म्हणवून घेणार. आता रुसून चालणार नव्हतं.

मी मागणीपत्र घेतलं आणि खाली गेले. चपलाही उलट्या घातल्या होत्या.

"बोलणी करायची आहेत," मी म्हटलं.

यांनी लगेच कॉलर नीट केली. "आपण बसून घ्यावं." मला सतरंजीवर जागा केली. नवरा मला 'आपण' म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदा.

"पहिली मागणी, आल्याचा चहा," हे म्हणाले.

"मान्य."

"दुसरी..."

"मान्य. सगळ्या मान्य. तूप, लोड, ठेचा, रेडकू, सगळं मान्य. आता उठा."

यांचा चेहरा एवढासा झाला. "असं नसतं," हे म्हणाले.

"कसं नसतं?"

"तू आधी नाही म्हणायचं असतं. मग आम्ही उठून जायचं. मग तू निरोप पाठवायचा. निदान तीन फेऱ्या तरी व्हाव्या लागतात. एकदम हो म्हटल्यावर कामगारांना काय वाटेल?"

"मला तर बरं वाटलं, काका," सून म्हणाली.

"तू थांब. अगं, एखादी तरी नाकार!"

"बरं. ठेचा नाकारला."

"तो नको," हे घाईनं म्हणाले.

दिंडोरीकडची तोवर उठून सतरंजीचं एक टोक झटकायला लागली होती. सून उठली. पण तळमजली उठेना. ती तशीच मांडी घालून, मान खाली घालून बसलेली.

"चल गं," मी म्हटलं. "सगळं तर झालं."

"वहिनी, एक राहिलंय." तिनं झेंड्याच्या टोकाशी चाळा केला. "ते कागदात नाही."

"कागदात नाही?" यांना धक्काच बसला. "चौदाच्या चौदा वाचून दाखवल्या होत्या मी!"

"तुमच्या छान होत्या, भाऊजी. पण ही तुम्हाला कशी सुचणार?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्ही करतो, खोक्यात भरतो, टेम्पो निघून जातो. भटजीचं पोट कुणी पाहिलं का, कुणी हसलं का, काही कळत नाही. एवढी लग्नं झाली, वहिनी, मी केलेलं रुखवत टेबलावर मांडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मला एकदा बघायचंय. टेबलाजवळ उभं राहून."

दिंडोरीकडची, जिचं तोंड कधी थांबत नाही, तिनं हातातलं सतरंजीचं टोक सोडलं. मग म्हणाली, "मला बी."

सून म्हणाली, "मला पण, काकू."

आणि मला, खरं सांगते, चौदा मागण्यांपेक्षा या एकीची भीती वाटली. कारण आमचा नियमच तो, आम्ही दिसायचं नाही. या तिघी टेबलाजवळ उभ्या, समोर ती तपासणारी आत्या, आणि दिंडोरीकडचीच्या तोंडाला कुलूप? एक शब्द निसटला की पोरगी गेली. मी यांच्याकडे पाहिलं. हे कधी नव्हे ते काही मागत नव्हते. कागदाची घडी करत होते, उलगडत होते.

"नवरीच्या मावश्या म्हणून याल?" मी शेवटी विचारलं. "तोंड शिवून?"

"शिवून," तिघी म्हणाल्या.

"हे नाकारता येणार नाही तुला," हे हळूच म्हणाले.

"मी कुठे नाकारतेय? पण तुम्हीही कामाला बसायचं. भिंती तुमच्या."

मग दोन दिवस आमच्या हॉलमध्ये जे काम झालं ते विचारू नका. यांनी बंगला असा बांधला की बिस्किटं एका रेषेत, गुण्या लावून. छपराची खारी कापताना चुरा तोंडात. माहेरची गोष्ट मी एकही सांगितली नाही, तर दिंडोरीकडची म्हणाली, "आक्का, ते रेडकाचं तेवढं पुन्हा सांगा, करमत नाय." यांना मात्र सातवी मागणी मोडल्याचं दुःख झालं.

रविवारी पहाटे जीप केली. बंगला यांच्या मांडीवर, मोर माझ्या मांडीवर, सुपारीचं लग्न तळमजलीच्या ओटीत. वणी सोडल्यावर वळणं लागली, तेव्हा हे ड्रायव्हरला म्हणाले, "हळू घे, बांधकाम ओलं आहे." तिघींनी नवी लुगडी-साड्या, गजरे, सगळं घातलं होतं. नवरीच्या खऱ्या मावशीनं एवढं नटावं असं नाही.

नवाला टेबल लागलं. नवरीनं आम्हाला पाहिलं आणि ती पांढरी पडली. मी तिला खुणेनं म्हटलं, मावश्या. ती काय समजली देव जाणे. आणि आत्याबाई आल्या. उंच बाई, चष्मा दोरीला. आधी पाटाखालून हात फिरवला. लेबल नाही. मोराला नखानं टोकरून पाहिलं. मोहरी हलली नाही. भटजीसमोर आल्या, वाकल्या, आणि त्यांना हसू फुटलं. "पोट बघा की याचं! भारी शे, भारी शे!" त्या बाजूला चांगल्याला असं म्हणतात. माझ्या शेजारी तळमजलीनं माझा दंड असा दाबला की निळा पडला.

"कोनी केलं हे?" आत्याबाईंनी विचारलं.

आणि तिघी एका आवाजात, एका सुरात, फाटकावरची सवय ना, हात वर करून ओरडल्या, "नवरीनं!"

सगळा मांडव वळला.

आत्याबाईंनी चष्मा लावला. "तुम्ही कोन?"

"मावशी."

"मावशी."

"मावशी."

"नवरीच्या आईला बहीण नाय म्हनून ऐकलं होतं आम्ही." मग त्यांची नजर यांच्यावर गेली. "आन् हे?"

आता हे काका म्हणू शकत होते, शेजारी म्हणू शकत होते, काहीही. पण या माणसानं कधी दुसऱ्या हुद्द्यानं ओळख दिलेलीच नाही. ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "मी मावश्यांचा प्रतिनिधी."

मला वाटलं, झालं. संपलं. मी त्या पोरीकडे बघूच शकले नाही. पण तीच पुढे आली. मुंडावळ्या सारून, शालू सावरत, दवाखान्यात पेशंटशी बोलतात तशा सरळ आवाजात म्हणाली, "आत्या, मी नाही केलं. मला इंजेक्शन देता येतं, पट्टी बांधता येते. मोहरी चिकटवायला मला वेळ नाही आणि हातही नाही. हे सगळं या तिघींनी केलं. मी यांना सांगून करून घेतलं."

सनईवाल्यानं सुद्धा वाजवायचं थांबवलं. आत्याबाईंनी नवरीकडे पाहिलं, मग बंगल्याकडे, मग पुन्हा नवरीकडे.

"इंजेक्शन दुखू न देता देती का?"

"देते."

"मग बरं झालं!" आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही रोज असंच करत बसली तर घरात फोडणीला मोहरी उरायची नाय. मला रोज एक घ्यावं लागतं, साखरेचं. ते पोरगं टोचतं ना आमच्या इथं, खिळा ठोकल्यागत टोचतं." आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "लगीन लागलं की पयलं माझ्याकडं ये."

मग त्या तिघींकडे वळल्या. "आता सांगा, मोर कसा केला? खरं सांगा. एकेक मोहरी चिकटवली का?"

आणि दिंडोरीकडचीच्या तोंडाचं कुलूप निघालं. मोहरी कोणती घ्यायची, बारीक की जाडी, मोराचा डोळा कशाचा, तिची नणंद कशी आहे, सगळं. मधून तळमजली भटजीचं सांगायची, सून डिंकाच्या बंदुकीचे हातवारे करून दाखवायची, ठो ठो. बघता बघता टेबलाभोवती ही गर्दी झाली. जेवणाची पंगत वाढून तयार, वाढपी हाका मारतोय, कुणी हलायला तयार नाही. हे गर्दीच्या मागे टाचा उंचावून बघत होते आणि शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "भिंती बघा. भिंती काटकोनात आहेत."

मी, मालक, तिघींच्या पर्सा आणि एक सुटलेला गजरा धरून खांबाजवळ उभी होते. भूक सडकून लागली होती. तळमजलीनं गर्दीतून मान वर करून मला शोधलं आणि ओरडली, "वहिनी, तुम्ही जेवून घ्या! आम्हाला वेळ लागेल!"